थांबलेला चौकोन

वडूज, शनिवार

आज दिवसभर एका निळ्या चौकोनाच्या मागे होतो. मी ज्या ब्राउझर इंजिनवर काम करतो, त्यात सीएसएसचं ॲनिमेशन मध्येच थांबवलं की तो किंचित मागे उडी मारायचा. आई दारातून डोकावली, "आरं, सकाळधरनं त्योच चौकोन बघतुयास?"

ब्राउझरच्या इंजिनात जागा किंवा पारदर्शकता बदलणारी हालचाल, पानाचं काम करणाऱ्या मुख्य थ्रेडपासून वेगळ्या थ्रेडवर चालते. त्यामुळे पान कामात अडकलं तरी ती अडखळत नाही. पण 'थांब' हा निरोप मुख्य थ्रेडकडून येतो. दोघांच्या वेळेत काही मिलिसेकंदांचा फरक पडला, की उडी.

दुरुस्ती चार ओळींची. खरं काम आधीचं: भलंमोठं पान छाटत दहा ओळींवर आणायचं आणि दोष तरीही दिसायला हवा. मग त्याची चाचणी लिहायची. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या ब्राउझरांच्या सामायिक चाचणीसंचात ती गेली की क्रोम, फायरफॉक्स, सफारी एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात.

माझ्या भारी लॅपटॉपवर हा दोष क्वचितच दिसायचा. आईच्या स्वस्त फोनवर मुख्य थ्रेडची दमछाक होते, तिथे तो लगेच सापडला. वेगवान यंत्रं दोष झाकतात. इंजिनवर काम करणाऱ्यानं तालुक्याच्या बाजारात विकला जाणारा फोनही टेबलावर ठेवावा, असं आता ठाम वाटतं.