दोन ओळींतील अंतर

आमचे घराणे माळव्यात येऊन सात पिढ्या लोटल्या. होळकरांच्या दफ्तरात कारकुनी करणाऱ्या कोणा पूर्वजाने इंदूरपासून काही कोसांवर थोडी काळी जमीन मिळविली, आणि आम्ही येथलेच झालो. घरात मराठी व शिवारात माळवी, असा आमचा दुहेरी संसार आजतागायत चालू आहे. वडिलांच्या पश्चात मी शिक्षकी पेशात रमलो. धाकट्या भावाने शेत सांभाळले.

माझ्या बालपणी ही जमीन पावसाळ्यात बहुधा पडीकच असे. पावसाची ओल मुरली की त्यावर गहू-हरभरा घ्यायचा, हीच रीत होती. १९८२ साली वडिलांनी प्रथमच सोयाबीन पेरले, तेव्हा गावातील वडीलधाऱ्यांनी त्यांची थट्टा केली. पुढे अवघा माळवा सोयाबीनचा झाला आणि १९८७ साली या पिकाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच स्थापन झाले. वडील दोन ओळींत हातभर अंतर ठेवीत. हात म्हणजे अठरा इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. भावानेही तोच शिरस्ता चालविला.

२०१९ च्या जून महिन्यात, शाळा उघडण्यापूर्वी मी गावी गेलो होतो. ओळी ३० सेंटिमीटरवर आणल्या तर पीक जमीन लवकर झाकते, ऊन मातीवर वाया न जाता पानांवर पडते आणि सावलीत तण माजत नाही, असे माझ्या वाचनात आले होते. ही माहिती खोटी नव्हती. मी भावाला पेरणीयंत्राचे फण जवळ घ्यायला सांगितले. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "दादा, मग डोरा कुठून जाणार?" डोरा म्हणजे आमच्याकडचे कोळपे. मी म्हणालो, "तणच उगवणार नाही, तर डोरा हवा कशाला?" वडील भावापुढे बोलायचे नाही, हा आमच्या घरचा संस्कार. तो गप्प राहिला.

पेरणी अर्ध्यावर असताना बी संपले. मी तेव्हा तरी सावध व्हायला हवे होते. परंतु दाट पेरले तर रास मोठी होईल, या समजुतीने मी त्याला उधारीवर आणखी बी आणायला लावले.

वाचकहो, तीस वर्षे मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या या मास्तराची चूक पाहा. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर असतात. ओळींत ४५ सेंटिमीटर व रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार रोपे बसतात. ओळी ३० सेंटिमीटरवर आणून रोपांतील अंतर साडेसात सेंटिमीटर केले, तरी संख्या तीच राहते. फरक इतकाच की रोपे अधिक सारखी विखुरतात आणि प्रत्येकाला चोहीकडून ऊन व माती मिळते. जवळच्या ओळींचा लाभ आहे तो येथे. मी मात्र ओळी जवळ आणल्या आणि ओळीतले बी तेवढेच राहू दिले. दोनांच्या जागी तीन ओळी झाल्या व रोपे दीडपट, म्हणजे हेक्टरी सुमारे ६ लाख ६७ हजार झाली.

त्यात वाण होता जे.एस. ३३५. हे झाड फांद्या फोडून पसरणारे. त्याला पसरायला जागाच उरली नाही. रोपे उजेडासाठी एकमेकांशी स्पर्धा करीत उंच व बारीक वाढली. जे थोडे तण आले, ते काढायला डोरा शिरेना. आत वारा खेळेना, पाने ओली राहू लागली आणि श्रावणातच अर्धे पीक आडवे झाले. पुढे सप्टेंबरात झड लागली. त्या वर्षी पश्चिम मध्य प्रदेशात सर्वांचेच नुकसान झाले. पण बांधापलीकडच्या शेतात निदान काही दाणे हाती आले. आमच्या वाट्याला तेही फारसे आले नाहीत.

भावाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिवाळीत गेलो तेव्हा गोठ्यात म्हैस दिसली नाही. चौकशी करता वहिनींनी सांगितले, की मुलीच्या महाविद्यालयाची फी आणि बियाण्याची उधारी तिच्यातूनच भागविली. मी खिशातून पैसे काढले. भाऊ हसून म्हणाला, "दादा, पाऊस काय तुम्ही पाडला?" त्या एका वाक्याने त्याने मला मोकळे केले खरे, पण मी मोकळा झालो नाही. डोऱ्याचा त्याचा प्रश्न मी ऐकला असता, तर पुढचे बरेच काही टळले असते.

पुढील वर्षी मी आज्ञा केली नाही, विनंती केली. शेताचा लहानसा तुकडा निवडून तेथे आम्ही जे.एस. ९५-६० हे लवकर येणारे, ठेंगणे, उभट वाढीचे वाण ३० सेंटिमीटरवर पेरले, आणि ओळीतले बी तितकेच कमी केले. जे.एस. ३३५ मात्र वडिलांच्या हातभर अंतरावरच ठेवले. रोपे उगवल्यावर मीटरची काठी टाकून आम्ही दोघांनी ती मोजली. ठेंगण्या वाणाने जमीन लवकर झाकली व तेथे खुरपणीही कमी लागली. पसरणाऱ्या वाणाला जवळीक नकोच होती. आपल्या फांद्यांनी हातभर अंतर त्याने स्वतःच भरून काढले.

म्हणजे माझे पुस्तक खोटे नव्हते आणि भावाचा अनुभवही खोटा नव्हता. कोणत्या वाणाला, कोणत्या जमिनीत, किती बियाण्यासह किती अंतर, हा पूर्ण प्रश्न होता. मी त्यातला एकच शब्द वाचून उत्तर लिहिले होते. शाळेत असे उत्तर आले असते, तर मी लाल शाईने रेघ ओढली असती.

आता मृगाचा पाऊस झाला की मी गावी जातो. चार इंच पाऊस पडून ओल खोल उतरेपर्यंत पेरायचे नाही, एवढे आमचे दोघांचेही ठरलेले. फण आवळण्यापूर्वी भाऊ अजूनही विचारतो, "दादा, यंदा किती ठेवायचे?"

मी म्हणतो, "तू सांग. मी काठी धरतो."