तापीतीरावरून जावा बेटापर्यंत

इतिहासाच्या तासाला आमच्या तोंडून एक शब्द गेला आणि तो अद्यापही आम्हांला टोचतो आहे. फारुकी सुलतानांचा धडा चालला होता. गुरुजींनी विचारले, "आपल्या या मुलखात इस्लाम कसा आला?" आम्ही हात वर केला व मोठ्या ऐटीने उत्तर दिले, "तलवारीने!" वर्ग शांत राहिला. आमच्याच बाकावर बसणारा आमचा मित्र, ज्याच्या घरी दिवसरात्र यंत्रमागाचा खडखडाट चालतो, तो मात्र मान खाली घालून वहीच्या समासात रेघोट्या ओढू लागला. गुरुजी रागावले नाहीत. "रविवारी बऱ्हाणपुरास जाऊ," ते म्हणाले, "एक भिंत वाचू आणि मग बोलू."

बहादरपुराहून बऱ्हाणपूर ते किती दूर! बाजारहाटासाठी आम्ही शेकडो वेळा तेथे गेलो असू. परंतु गांधी चौकातील जुम्मा मशिदीत पाऊल ठेवण्याचा योग त्या रविवारीच आला. पंधरा कमानींची ती काळसर दगडी वास्तू पाहून मन गंभीर झाले. आतील भिंतीवर अरबी लेख आहे, यात नवल ते काय? परंतु तेथेच नागरी लिपीत कोरलेला संस्कृत लेखही आहे! विक्रम संवत् १६४६, शके १५११, म्हणजे इ. स. १५९० चा तो लेख. फारुकी राजांची वंशावळ, आणि एखाद्या जोशीबुवांनी मुहूर्त काढून द्यावा तशी तिथी व नक्षत्र! राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ही मशीद बांधिली, हे त्याला संस्कृतातही सांगावेसे वाटले. आमच्या उत्तराला पहिला तडा तेथे गेला.

पुढे तापीच्या घाटावर बसून गुरुजींनी गावाच्या नावाचीच कथा सांगितली. पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिर खान फारुकीने हे नगर वसविले व त्याला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. पैलतीरावरील जैनाबाद हे त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांच्या नावाचे. हे बुऱ्हानुद्दीन दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे दौलताबादेस हलविली, त्या लोंढ्यात अनेक सूफी दक्षिणेत आले, बुऱ्हानुद्दीनही आले. १३३७ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर खुलताबादेस आहे. राजाज्ञेने उखडलेली माणसे ती! पण जेथे जाऊन पडली तेथे त्यांनी अन्न वाटले, शिष्य शिकविले, आणि लोक त्यांच्याजवळ येऊन बसू लागले.

सोळाव्या शतकात सिंध प्रांतात अस्वस्थता माजली, तेव्हा तेथील विद्वान व साधक घरदार सोडून बऱ्हाणपुरास आले. शहरातील सिंधीपुरा हा मोहल्ला त्याची साक्ष देतो. १६२२ मध्ये निवर्तलेले शेख ईसा जुंदुल्ला हे अशाच एका कुटुंबातले.

"पण गुरुजी, त्याआधी?" आमच्या मित्राने प्रथमच तोंड उघडले.

गुरुजी म्हणाले, "त्याआधी समुद्र!" अरब व्यापारी मोसमी वाऱ्यांवर शिडे उभारून कोकणात येत. इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसुदी हा प्रवासी चौलास आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान नांदत असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यांत येथेच जन्मलेलेही होते. राज्य होते राष्ट्रकूटांचे. चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट तर सांगतो की, संजाण प्रांताचा राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब, होता. महंमद या त्याच्या नावाचे संस्कृतात 'मधुमती' झाले! त्याने नद्यांवर फुकट तरी चालविल्या, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठिकेला दान देण्यास संमती दिली.

आणि आता आमच्या गावाच्या अभिमानाची गोष्ट! बऱ्हाणपुरात शेख मुहम्मद बिन फजलुल्ला नावाचे सूफी राहत. १५९० च्या सुमारास त्यांनी 'अल्-तुहफा अल्-मुर्सला' हा छोटासा अरबी ग्रंथ लिहिला. परमतत्त्वापासून मनुष्यापर्यंत अस्तित्वाच्या सात पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. यात्रेकरू, व्यापारी व विद्यार्थी यांच्या हातांतून तो सुमात्रा बेटावरील आचे येथे पोहोचला. जावा बेटावर त्याचे जावी भाषेत पद्य रूपांतर झाले. आणि तिकडच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न ऐकून मदिनेत इब्राहीम अल्-कुरानी यांनी त्यावर भाष्य लिहिले. अरबस्तानातून वा हिंदुस्थानातून कोणतेही सैन्य इंडोनेशिया जिंकावयास गेले नव्हते. तरीही आज तो देश जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत गणला जातो. तापीकाठच्या दौतीतील शाई सातासमुद्रांपलीकडे उमटली!

मग तलवार मुळी चाललीच नाही काय? चालली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाची स्वारी देवगिरीवर आली, हे आम्ही विसरू शकत नाही. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला तो फारुकी बहादुरशाहाकडून. म्हणजे तेथे दोन्ही पक्षांचे राजे मुसलमानच होते. आमचे उत्तर सर्वस्वी खोटे नव्हते. ते अर्धे होते, आणि अर्धे उत्तर पुऱ्या ऐटीने दिले, हाच आमचा अपराध. तलवारीने किल्ले घेतले, महसूल घेतला. परंतु ज्या चिंचणीत आणि जावात अरबस्तानातून वा हिंदुस्थानातून ती घेऊन कोणी मुसलमान सैन्य गेले नव्हते, तेथेही हा धर्म रुजला, तो चार जणांसारखा संसार थाटून राहणाऱ्या माणसांमुळे.

घरी आल्यावर आजोबांना सारे सांगितले. ते हसून म्हणाले, "अरे, आपले पूर्वज तरी येथले कोठे? दुष्काळात रावेरकडून बैलगाडीने आले ते!" आम्ही निरुत्तर झालो.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसताना मित्राला म्हणालो, "चुकलो बरे का." त्याने काही उत्तर दिले नाही. नुसती वही उघडून आमच्यापुढे सरकविली. समासातल्या रेघोट्यांच्या खाली त्याने संवत् १६४६ व शके १५११ हे आकडे नागरीत सुबकपणे उतरवून घेतले होते. आम्ही ते आपल्या वहीत लिहून घेतले.