धक्क्याआधीचा हात

छोट्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की बोलणं हमखास ताकदीवर येतं. मनगट मजबूत हवं, पंजा मोठा हवा, घट्ट धरलं की झालं, असं रेंजवर कुणीही छातीठोकपणे सांगतं. मला हे पटत नाही. या हत्याराचा धक्का आवरण्याचं जवळपास सगळं काम गोळी सुटण्याआधी होऊन गेलेलं असतं. नंतर नळी किती उसळते हे बघणाऱ्याला दिसतं, म्हणून तिची चर्चा होते. पण गोळी कागदावर कुठे लागणार हे उसळीआधीच ठरलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा धक्क्याची वाट बघत बसलेला हात ठरवतो.

धक्का खोटा असतो असं मात्र मी म्हणत नाही. स्मिथ अँड वेसनने १९३५ साली .३५७ मॅग्नम आणलं ते त्यांच्या मोठ्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये. वजन सव्वा किलोच्या आसपास. पुढे १९५५ मध्ये, अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातल्या बिल जॉर्डन यांच्या आग्रहामुळे, तेच काडतूस मध्यम सांगाड्यात आलं. नव्वदच्या दशकात ते पाच काडतुसांच्या, खिशात मावणाऱ्या छोट्या सांगाड्यात शिरलं, आणि नंतर स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियममुळे अख्ख्या रिव्हॉल्व्हरचं वजन ३४० ग्रॅमच्या घरात उतरलं. या सगळ्या काळात काडतूस तेच राहिलं. गोळी आणि वायू मिळून जेवढा संवेग पुढे नेतात तेवढाच हत्यार मागे आणतं. त्यामुळे वजन चौथ्या हिश्श्यावर आलं की मागे येण्याचा वेग चौपट होतो आणि हातावर आदळणारी ऊर्जाही चौपट होते. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सोडली, तर सव्वा किलोच्या रिव्हॉल्व्हरचा धक्का ढोबळ हिशेबाने ९ जूल भरतो आणि ३४० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरचा ३३. त्याच हलक्या रिव्हॉल्व्हरमधून साधं .३८ स्पेशल झाडलं तर १० ते ११ जूल. म्हणजे हलक्या हत्यारातलं साधं काडतूस हाताला जवळपास तेवढंच लागतं, जेवढं जुन्या जड हत्यारातलं मॅग्नम लागायचं. हा जोर कसा असतो ते सिलिंडरमध्ये उरलेल्या काडतुसांवरही दिसतं. पुंगळीने गोळी पुरेशी आवळून धरली नसेल, तर हत्यार झटक्याने मागे येताना गोळी जागच्या जागी राहू पाहते, एकेका बारागणिक पुंगळीतून थोडी थोडी बाहेर सरकते, आणि शेवटी तिचं टोक सिलिंडरच्या पुढे येऊन सिलिंडर फिरायचाच थांबतो.

आता वेळेचं गणित. नळी जेमतेम ५ सेंटिमीटरची. गोळी तिच्यातून एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात बाहेर पडते. स्पर्श जाणवून हाताने त्याला उत्तर द्यायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद तरी लागतात. हात जागा होईपर्यंत गोळी कागद पार करून मागच्या मातीत घुसलेली असते. धक्का जाणवल्यावर तुम्ही केलेली कोणतीही गोष्ट त्या गोळीचा नेम सुधारू शकत नाही, आणि बिघडवूही शकत नाही. इथे जाणकार वाचक एक रास्त शंका काढेल: गोळी नळीत असतानाच हत्यार हलायला लागतं, त्याचं काय? खरं आहे. त्या क्षणार्धात हलकं रिव्हॉल्व्हर मिलिमीटरभर मागे सरकतं आणि नळीचं तोंड किंचित वर उठतं. म्हणूनच रिव्हॉल्व्हरची पुढची माशी उंच ठेवलेली असते. नेम धरलेला असताना नळी नजरेच्या रेषेपेक्षा जराशी खालीच रोखलेली असते. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, त्यामुळे जवळच्या कागदावर ती हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते. हे सगळं बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेलं असतं. पण तो हिशेब एका अटीवर चालतो: मूठ दर बाराला सारखी धरली गेली पाहिजे. ती अटही ट्रिगर दाबण्याआधीच पुरी करायची असते.

मग नेम बिघडतो कुठे? ट्रिगरवर. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव पटकन आठवतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात .२२ ची गोळी असते, पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि ट्रिगर किमान १ किलोचा असावा लागतो. ट्रिगरचा ताण आणि पिस्तुलाचं वजन तिथे एकाच पट्टीतले. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आधी न चढवता ट्रिगर दाबला तर ५ किलोंच्या आसपास जोर लागतो, आणि हत्याराचं वजन ३४० ग्रॅम. बोट हत्याराच्या वजनाच्या जवळजवळ पंधरापट जोराने ओढत असतं. त्या ओढीत बाकीच्या पंजाने काडीइतकीही लुडबूड केली तर नळी हलणारच; आणि धक्क्याच्या धास्तीने आवळलेला पंजा लुडबूड करतोच. इंजेक्शनची सुई टोचायच्या आधीच दंड आखडतो, तसं हे असतं. पंजा वळतो, मनगट खाली झुकतं, डोळे मिटतात, आणि उजव्या हाताने झाडणाऱ्याची गोळी खाली, बहुधा डावीकडे जाते. नेमबाज म्हणतो, केवढा धक्का बसला!

हे सिद्ध करायला रिव्हॉल्व्हरइतकं सोयीचं हत्यार नाही. पाच खणांपैकी दोन-तीन खणांत जिवंत काडतुसं आणि उरलेल्यांत झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरायच्या, नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून सिलिंडर फिरवून बंद करायचा, आणि पुढचा खण कोणता हे झाडणाऱ्याला कळू द्यायचं नाही. हे दुसऱ्या कुणी भरून दिलं तर उत्तम. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला की नुसती टक् होते. बार नाही, धूर नाही, धक्का नाही. त्या क्षणी माशीकडे बघावं. ती जिथे होती तिथेच राहिली तर हात शिकलेला आहे. पण नवशिक्याच्याच काय, वर्षानुवर्षं झाडणाऱ्याच्याही हातात ती एकदम खाली बुडी मारते, कधी चांगली दोन बोटं. जिवंत बारात ही बुडी उसळीखाली झाकली जाते, म्हणून कधी दिसत नाही. धक्का मुळातच नसताना हत्यार हललं, यापेक्षा वेगळा पुरावा मला लागत नाही.

यावर कुणी विचारेल, सगळं आधीच होतं तर पकडीचं एवढं स्तोम कशाला? एक तर दुसऱ्या गोळीसाठी. हत्यार उसळून त्याच जागी परत आलं पाहिजे, आणि ते आणण्याचं काम स्नायूंच्या जोरापेक्षा पकडीची रचना करते. रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या बरीच वर असते; हे अंतर जितकं जास्त तितकी उसळी मोठी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच म्हणून मागच्या कण्यावर जाईल तितकी वर बसवायची, पण घोडा उघडा असेल तर त्याच्या वाटेत येऊ द्यायची नाही. दुसरा हात पुढून घट्ट गुंडाळायचा आणि जास्तीचा दाब त्याच हाताने द्यायचा, म्हणजे ट्रिगरचं बोट मोकळं राहतं. कोपरं थोडी वाकलेली, अंगाचं वजन पुढच्या पायावर. अंगठ्यांबद्दल मात्र मी हट्टी आहे. पिस्तुलावर हात बसलेले लोक दोन्ही अंगठे सरळ पुढे रोखतात. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, आणि मॅग्नमच्या बाराला तिच्यातून बाजूला निघणारा तापलेला वायू कातडी फाडतो. अंगठे खाली वळवून एकमेकांवर दाबावेत.

पकडीचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चांगली पकड वेदना कमी करते, आणि वेदनाच हाताला दचकायला शिकवते. छोट्या मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, ट्रिगरगार्डची मागची कड मधल्या बोटाच्या पेरावर आदळते, आणि लाकडाच्या देखण्या मुठीमागचा उघडा पोलादी कणा तळव्याच्या खाचेत घुसतो. तो कणा झाकणारी मऊ रबरी मूठ बसवली की ऊर्जा तेवढीच राहते, पण ती जास्त जागेवर आणि किंचित जास्त वेळात पसरते. मूठ थोडी मोठी होते, खिशात अडकते. मला हा सौदा मान्य आहे. आवाजाचंही तसंच. आखूड नळीच्या मॅग्नमचा कडाका १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि ज्याला आपण धक्का म्हणतो त्यातला बराच भाग कानांतून आणि डोळ्यांसमोरच्या जाळातून आलेला असतो. कानांत बोळे आणि वर मफ, असं दुहेरी संरक्षण दिलं की काही जणांचा दचका तिथल्या तिथे निम्मा होतो.

‘भरपूर मॅग्नम झाडा, सवय होईल’ हा सल्ला म्हणूनच मला घातक वाटतो. सवय होते, पण ती दचकण्याची होते. सुदैवाने .३५७ च्या खणात .३८ स्पेशल बसतं. मॅग्नमची पुंगळी तीन मिलिमीटरहून थोडी जास्त लांब ठेवली गेली ती जुन्या, कमजोर .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये चुकून शिरू नये म्हणून. उलट बाजूची वाट उघडी राहिली. सराव .३८ वर करावा, मॅग्नम दिवसाला एखादाच सिलिंडर झाडावं, आणि त्यानंतर पुन्हा .३८ वर यावं, म्हणजे हात घरी जाताना शांत बार लक्षात ठेवून जातो. .३८ च्या खणांत मधूनच एखादं मॅग्नम लपवून भरण्याची टूम मला अजिबात पसंत नाही. ती हाताला प्रत्येक बाराला घाबरायला शिकवते.

सर्वांत जोरदार आक्षेप असा: हे हत्यार जीव वाचवायला असतं, आणि प्रसंगात धक्का कुणाला जाणवतो? कदाचित जाणवणार नाही. पण दचकायला धक्का जाणवावाच लागत नाही; रिकाम्या पुंगळीने तेच तर दाखवलं. मुरलेली सवय घाईच्या वेळी आधी वर येते. शिवाय त्या जोरातून मिळतं काय, हेही बघायला हवं. मॅग्नमची संथ जळणारी दारू ५ सेंटिमीटरच्या नळीत पुरती जळत नाही. तिचा एक हिस्सा नळीच्या तोंडाबाहेर जाळ आणि आवाज होऊन जातो, आणि जाहिरातीतला वेग लांब नळीचा असतो. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ साली ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर आणलं तेव्हा वजन ५०० ग्रॅमवर उतरवलं, पण काडतूस .३२ चं सौम्यच ठेवलं. वजन आणि काडतूस यांची ही जोडी मला समजते. ३४० ग्रॅमच्या सांगाड्यात पूर्ण जोराचं मॅग्नम भरून हिंडणाऱ्याला मी इतकंच सांगेन, की ७ मीटरवर तळहाताएवढा कागद लावावा आणि पाच गोळ्या सावकाश झाडाव्यात. पाचवी पहिलीच्या शेजारी लागत नसेल तर त्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ भरावं, किंवा ७०० ग्रॅमचं पोलादी घ्यावं.