संगणकाच्या खोलींतील पहारा

आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलींत, दारामागें, खिळ्यास अडकविलेली एक वही आहे. ती दिसते हजेरीपुस्तकासारखी. पण तिच्यांत मुलांची नव्हे, विजेची हजेरी असते. पालकसभेस आलेल्या मंडळींपैकीं कित्येकांनीं तिजविषयीं विचारिलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

घरांतील दिवा गेला तर मेणबत्ती लावितां येते. संगणकाचें तसें नाहीं. मूल जें लिहीत असतें तें जपून ठेवीपर्यंत यंत्राच्या ज्या स्मृतींत राहतें, ती स्मृति वीज आहे तोंवरच टिकते. त्याहून वाईट म्हणजे, तबकडीवर लिहिणें चालू असतां मध्येंच वीज तुटली, तर पूर्वीं जपून ठेविलेलेंही कधीं कधीं बिघडतें. ज्यांच्या घरीं दुसरा संगणक आहे त्यांस याची फारशी झळ लागत नाहीं. पण आमच्या वर्गांत वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचीं मुलें आहेत; त्यांच्या सहामाहीचा सगळा प्रकल्प याच यंत्रांत असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईसारख्या शहराची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या व विद्यापीठास परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. मग आमच्या तालुक्याच्या गांवीं पावसाळ्यांत काय होत असेल, तें सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून यू. पी. एस. नांवाची पेटी असते. बाहेरून येणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रवाहानें ती आपल्या बॅटऱ्या भरून ठेविते, आणि तो थांबतांच बॅटऱ्यांतील वीज पुन्हां २३० व्होल्टची करून संगणकांस पुरविते. जनरेटर सुरू होऊन स्थिर व्हावयास कांहीं सेकंद लागतात. संगणकास एवढाही धीर नसतो, म्हणून जनरेटर असला तरी ही पेटी हवीच. आमच्या पेटीस १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीनें जोडलेल्या आहेत.

पेटीवर एक हिरवा दिवा आहे. तो लागला म्हणजे सर्व ठीक, असा सार्वत्रिक समज. वस्तुतः तो एवढेंच सांगतो कीं, बाहेरची वीज येत आहे. बॅटरींत दम किती, हें तिजवर ओझें घातल्यावांचून कळत नाहीं. म्हणून दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारीं, शाळा सुटल्यावर, सर्वांचीं कामें जपून ठेवून, संगणक चालू असतांना मी मुख्य बटण बंद करितों, आणि नववीच्या दोन मुली घड्याळ व मल्टिमीटर घेऊन वहींत आंकडे मांडतात. गेल्या ऑगस्टांत, वर्षारंभीं चोवीस मिनिटें चालणारी ही पेटी सहाव्याच मिनिटास कण्हूं लागली. हिरवा दिवा आदल्या क्षणापर्यंत हंसत होता! स्वस्थ असतां चारही बॅटऱ्या प्रत्येकी १२.७ व्होल्ट दाखवीत. ओझें पडतांच तिघी ११.८ च्या आसपास राहिल्या, चौथी मात्र ९ वर आली. अशा ओळींत एकीनें हाय खाल्ली कीं उरलेल्या तिघींचा दम फुकट जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींची गोष्ट मला तेथेंच आठवली. दिवे तर दहाही जणींच्या हातांत होते. तेल कोणाजवळ आहे, तें वरास विलंब झाला तेव्हां कळलें.

बॅटऱ्या देणाऱ्या दुकानदाराचें म्हणणें पडलें कीं, दिवा हिरवा आहे तोंवर बदलून देण्याचा प्रश्नच येत नाहीं. त्याच्यापुढें वही ठेविली. २४, २३, २१, १५, आणि मग ६; सर्व मुलींच्या अक्षरांत. तो बराच वेळ पाहत राहिला, व मुदत संपली नव्हती म्हणून एक बॅटरी बदलून देण्यास कबूल झाला. एकच! जुन्या तिघींत एक नवी बसविली म्हणजे भरतांना कोणी फाजील भरते, कोणी उपाशी राहते, आणि नवीही लवकर खंगते. चारही एकदम बदलणें हाच खरा मार्ग. उरलेल्या तिघींच्या पैशांवर कार्यालयांत दोन आठवडे खल झाला. कोणी म्हणालें, तेवढ्यांत ग्रंथालयाचें कपाट होईल. तेंही खोटें नव्हतें. शेवटीं संमेलनाच्या मंडपाच्या खर्चास कात्री लागली. ऑक्टोबरांतील प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीं वीज दोनदां गेली, दुसऱ्या वेळीं अठरा मिनिटें. एकाही मुलास पुन्हां लिहावें लागलें नाहीं.

(लेझर छपाईयंत्राची तार मात्र कोणी कृपा करून या पेटीस जोडूं नये. तें तापतांना इतकी वीज ओढतें कीं, मिनिटांचा हिशेबच कोलमडतो. पाटी लाविली आहे; ती वाचली जात नाहीं.)

आतां राहिली उष्णतेची अडचण. या जातीच्या बॅटऱ्यांचें आयुष्य २५ अंशांस धरून सांगितलेलें असतें. त्यावर दर दहा अंशांस तें सुमारें निम्में होतें. आमची पेटी पश्चिमेच्या भिंतीशीं आहे, आणि मे महिन्यांत तेथील पारा ३९ पर्यंत चढतो. मुलांस तेव्हां सुटी असते, बॅटऱ्यांस नसते. पेटी उत्तरेच्या कोपऱ्यांत हलवावयाची, तर भिंत फोडून तार लांबवावी लागेल. गवंडी व वायरमन दोघांसही सांगून ठेविलें आहे. होळीपूर्वीं येतों म्हणाले आहेत.