मेळ्यातला पाण्याचा टँकर

मे महिना लागला की आमच्या चिपळूणकडे मुंबईकर येतात, आखाती देशांत नोकरीला असलेले रजेवर येतात आणि पाठोपाठ आनंद मेळाही येतो. पवन तलावाच्या मैदानावर ट्रक लागतात, लोखंडी खांब उतरतात आणि बघता बघता आकाशपाळणा उभा राहतो. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आत हे सगळं आवरून पुढं जायचं असतं. म्हणून कोकणातला मेळा हा उकाड्यातच बघावा लागतो.

यंदा आम्ही दोन लहान मुलांना घेऊन गेलो. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. बरोबर सासूबाई आणि मुलांचे अब्बा. ते कुवेतला असतात. धाकटा दोन महिन्यांचा असताना गेले, ते यंदा परत आले. सोळा महिने त्यानं अब्बांना फोनवरच पाहिलेलं. फोनवर हसणारा हा मुलगा त्यांनी उचलून घेतलं की माझ्याकडे हात पसरून रडायचा. रजेचे बारा दिवस उरले होते. "मेळ्यात नेऊ या, तिथं खुलेल," असं त्यांनीच ठरवलं.

असरची नमाज झाली आणि गोवळकोटहून रिक्षानं निघालो. लहान मुलं असतील तर हीच वेळ बरी. ऊन कललेलं असतं, रांगा नसतात आणि भोंगे अजून पूर्ण आवाजात सुरू झालेले नसतात. रात्री आठनंतर मैदानात पाय ठेवायला जागा राहत नाही. तेव्हा मुलं पेंगुळलेली असतात आणि कडेवरून उतरत नाहीत. निघताना मी दोघांच्या खिशात आमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली, दोघांना भडक पिवळे कपडे घातले आणि चपलांऐवजी बूट. मेळ्यात जमिनीवरून विजेच्या वायरी गेलेल्या असतात, खुंट्या ठोकलेल्या असतात. चुकामूक झाली तर तिकीट खिडकीपाशी थांबायचं, हेही आम्ही मोठ्यांनी आधीच ठरवून घेतलं.

आत शिरल्यावर डाव्या हाताला आकाशपाळणा, समोर ब्रेक डान्स आणि टोरा-टोरा, पलीकडे मौत का कुआँ. हे सगळं लांबून बघायचं. तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन मोठ्या पाळण्यात बसणारे मी पाहिले आहेत. तसं करू नये. पाळण्यातला दांडा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, मांडीवरच्या मुलाला तो धरून ठेवत नाही. लहानांसाठी छोटी रेल्वे, गोल फिरणाऱ्या मोटारी, हवा भरलेली घसरगुंडी आणि पाण्याच्या हौदातल्या होड्या असतात. यांचीही एक फेरी आपण उभं राहून बघावी. पट्टा लागतो का, दार बंद होतं का, मूल उठून उभं राहिलं तर चालवणारा लगेच थांबवतो का, हे तेवढ्यात कळतं.

थोरली मोटारीत बसली, तीनदा बसली. धाकट्यासाठी अब्बांनी रेल्वेची, घसरगुंडीची आणि होडीची तिकिटं एकदमच काढली, पन्नास-पन्नास रुपयांची. रेल्वेत त्याला घेऊन बसले. शिट्टी वाजली मात्र, पोरानं असा टाहो फोडला की चालवणाऱ्यानं गाडी तिथंच थांबवली. अब्बा खाली उतरले. लोक बघत होते. त्यांनी मुलाला माझ्याकडे दिलं आणि हातातल्या तिकिटांकडे बघत राहिले. "माझ्याजवळ आला की रडतोच," एवढंच म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, तो शिट्टीला घाबरला. तू तिकिटं ठेव बाजूला. जरा खाली बस त्याच्याजवळ."

मैदानाच्या कडेला जरा शांत होतं. धूळ बसावी म्हणून तिथं टँकरमधून पाणी मारत होते. धाकट्यानं ते पाहिलं आणि रडं विसरला. माझ्या कडेवरून घसरून खाली उतरला, टँकरकडे बोट दाखवत चालू लागला. अब्बा मागोमाग गेले, पण उचललं नाही. तो थांबला की तेही उकिडवे बसायचे. ओल्या मातीत बुटाचा ठसा उमटला, तर दोघं तो बघत बसले. वाटेत एक जाड वायर आडवी आली. धाकटा थबकला, वर पाहिलं, मी लांब होते. मग त्यानं अब्बांचं बोट धरलं आणि वायर ओलांडली. पुढं ते बोट सोडलं नाही.

मी आणि सासूबाई थोरलीला घेऊन खायला बसलो. मेळ्यात बुढ्ढी के बाल, हातभर पापड, मंचुरियन, भेळ, बर्फाचा गोळा, सगळं असतं. गोळ्याला मी नाही म्हटलं. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, ते सांगता येत नाही, आणि आमच्याकडे बर्फ मासळीसाठीही लागतो. पाणी आणि कोकम सरबत घरून नेलं होतं, मुलांसाठी केळी आणि घावन. आम्ही मोठ्यांनी समोर कालवून घेतलेली भेळ खाल्ली. थोरलीला बुढ्ढी के बाल मिळाले, निम्मे तोंडाला लागले.

मगरिबची अजान झाली तसे निघालो. दोन तास झाले होते, लहान मुलांना तेवढे पुष्कळ. होडीची आणि घसरगुंडीची तिकिटं अब्बांनी रांगेतल्या एका बाईला देऊन टाकली. रिक्षात धाकटा त्यांच्या खांद्यावर झोपला. घर येईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यानं दारातली अब्बांची चप्पल उचलली, दोन्ही हातांनी ओढत आणून त्यांच्यापुढं ठेवली आणि बाहेर बोट दाखवलं. त्याला टँकर बघायला जायचं होतं. रजेचे अकरा दिवस उरले होते. ते चहा अर्धा टाकून उठले.