बटण की जाळी

मोतीबिंदू काढल्यापासून तपासणीच्या प्लेटमधला लाल रंग भलताच भडक दिसतो. पूर्वी जे स्वच्छ बटण वाटायचं त्याच्या कडेला आता बारीक झालर दिसते, आणि मी अडतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कोंबड्यांचं रक्त तपासण्यात माझी हयात गेली. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस कळपाला लागली का ते एचआय चाचणीत, म्हणजे रक्तद्रवात विषाणू नि तांबड्या पेशी मिसळून, बघायचं. प्लेटमधल्या खळग्याच्या तळाशी पेशींचं बटण बसलं तर प्रतिपिंडं आहेत; पेशींची जाळी पसरली तर विषाणू मोकळा.

घोडं अडतं ते वेळेवर. हा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरतो, आणि ज्या एचएन प्रथिनानं धरतो त्यातच ते आम्ल तोडायची कात्रीही असते. उशीर झाला की तो स्वतःच सुटतो, पेशी खाली घरंगळतात आणि जाळीच्या जागी बटण येतं. लस न लागलेला कळप कागदावर सुरक्षित! एप्रिलात पत्र्याखाली हे फारच लवकर होतं, म्हणून तेव्हा प्लेट ४ अंशांवर तासभर ठेवायची. विषाणू न घातलेल्या कंट्रोलच्या पेशी पुऱ्या बसल्यात पण विषाणू अजून सुटला नाही, तेवढ्यात प्लेट तिरकी करून ओघळ बघायचा. जॉर्ज हर्स्टनं १९४१ साली फ्लूच्या विषाणूनं रक्तपेशी गोळा होताना पाहिल्या आणि पुढच्याच वर्षी तो विषाणू सुटतो हेही मांडलं. तेव्हापासून आमची जमात घड्याळाकडे बघत बसलीय.

अर्थात चिकटला म्हणजे शिरला असं नाही. शिरायला त्याचं एफ प्रथिन आधी कोंबडीच्याच एन्झाइमनं कापलं जावं लागतं. लासोटासारख्या सौम्य विषाणूचं ते मुख्यतः श्वासमार्गात नि आतड्यात कापलं जातं. जहाल विषाणूचं अंगभर. म्हणून तो मेंदूपर्यंत जातो आणि मान पिळवटते. माझ्या प्लेटला यातलं काही कळत नाही. २००६ साली नवापूरला निघालेला बर्ड फ्लूही तांबड्या पेशींना असाच धरतो. नुसती जाळी बघून कोण आलाय ते सांगता येत नाही.

बऱ्याच लॅब आता एलायझावर गेल्या. यंत्र आकडा छापतं, पोल्ट्रीवाल्यांना छापील आकडा आवडतो. असेल अचूक. पण विषाणूनं पेशीला धरणं त्यात कुठंच नाही, मग बघायचं काय?

हाताखालची मुलगी मोबाइलवर प्लेटचा फोटो काढते, वेळेसकट. वादाचा खळगा निघाला की मात्र माझ्याकडेच येते, आणि ते मला फार आवडतं. कळलेलं असो वा नसो, मी चष्मा कपाळावर चढवतो, प्लेट उजेडाकडे धरतो, एकदा तिरकी करतो, पुन्हा करतो.

“काका, लवकर सांगा ना,” ती म्हणते, “सुटेल तो.”