विरजण

नाशिकला भाचीकडे निघाले तेव्हा पिशवीत दोन डबे होते. एकात बेसनाचे लाडू आणि दुसऱ्यात एक ओला, तपकिरी, शेवाळी वासाचा स्पंज. स्पंज जेमतेम बुडेल एवढंच पाणी, वर अर्धा डबा मोकळा. ठाण्याहून नाशिकरोडपर्यंतच्या तीनेक तासांत मी तीनदा झाकण उघडून त्याला हवा दिली. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलंच, "काही जिवंत आहे का हो आत?"

आहे, म्हटलं. खूप आहे.

भाचीने नवा फिशटँक घेतला होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू आणि लाकूड टाकल्यावर पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावेल असा. तिला मी फोनवर एकच गोष्ट बजावली होती. मी येईपर्यंत मासे आणायचे नाहीत.

तेवीस वर्षांपूर्वी मला असं बजावणारं कुणी नव्हतं. मुलुंडच्या घरात पहिला टँक आला त्याच संध्याकाळी मी त्यात बारा मासे सोडले. पाणी इतकं नितळ होतं की मासे हवेत तरंगताहेत असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ते दुधाळ झालं. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. मी घाबरून सगळं पाणी ओतून दिलं, खडी घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. स्वच्छता केली की आजार जातो, हेच मला ठाऊक होतं. आठवड्याअखेरीस दोन मासे उरले.

शेजारच्या विंगमधले एक काका हे ऐकून स्टीलचा डबा घेऊन आले. त्यांनी डब्यातला मळकट स्पंज माझ्या स्वच्छ टँकमध्ये नेऊन पिळला. पाणी चहासारखं झालं. मला रडूच यायचं बाकी होतं. काका म्हणाले, "दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागतं का?"

माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो, आणि नव्या टँकमध्ये त्याला खाणारं कुणीच नसतं. तो कल्ले जाळतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. पण नायट्राइट माशाच्या रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, मग एअर पंपाचे बुडबुडे कितीही सोडा, मासा वर येऊन धापा टाकतोच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य. वनस्पती ते खातात आणि उरलेलं आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की निघून जातं. सर्गेई विनोग्राद्स्कीने हे जिवाणू 1890च्या सुमारास वेगळे करून दाखवले, तेव्हापासून हे काम दोन गटांत वाटलेलं आहे असंच मानलं जात होतं. 2015 साली दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि तो सापडलेल्या जागांपैकी एक होती मत्स्यपालनाच्या टाकीचा फिल्टर. ते वाचलं त्या दिवशी मी माझ्या फिल्टरकडे बराच वेळ बघत बसले होते.

हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजला, खडीला, लाकडाला, काचेला धरून राहतात. म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत, पण क्लोरीनच्या नळाखाली स्पंज धुतला की जातात. पहिल्या टँकमध्ये जे थोडेफार आले असतील त्यांना मी माझ्याच हाताने मारलं होतं. विरजण न लावताही ते येतात, पण फार सावकाश वाढतात. चार ते सहा आठवडे धरायचे. जुना स्पंज मिळाला तर आठवडा-दीड आठवडा. फक्त तो निरोगी टँकमधला हवा. ज्या टँकमध्ये माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झालाय तिथलं काहीही घेऊ नये. आंबट विरजणाचं दही आंबटच होतं.

नाशिकला पोचल्यावर आधी पाणी तपासलं. सोसायटीला बोअरचं पाणी, गीझरच्या तोटीवर पांढरा थर. आमचं मुलुंडचं पाणी भातसा-तानशाकडून येणारं, पावसाचं, मऊ. त्याचा त्रास वेगळा: पावसाळ्यात ब्लीचिंगचा वास येतो, बादलीत अँटीक्लोरीनचे थेंब घातल्याशिवाय ते टँकमध्ये ओतता येत नाही. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, पण ते जड आणि अल्कधर्मी. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणजे विरजणाची गरज इथे अधिकच.

भाचीला निऑन टेट्रा हवे होते. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला मासा या पाण्यात जगतो, पण रंगत नाही. पाण्याचा गुण बदलण्याची औषधं दुकानात मिळतात. मला तो रस्ता पटत नाही. घरात जे पाणी येतं त्याला विचारून मासा निवडावा. तिच्या पाण्याने गप्पी, मॉली, प्लॅटी ही नावं सांगितली. "गप्पी? ते तर हिवतापवाले डबक्यात सोडतात!" ती हिरमुसली. मी तिला मोबाइलवर चांगल्या पैदाशीच्या गप्पीची शेपटी दाखवली, मग ती गप्प झाली.

आणखी एका बाबतीत मी ऐकलं नाही. काच साफ ठेवतो म्हणून सकर मासा घ्यायचा तिच्या मनात होतं. दुकानात दोन इंची दिसणारा हा मासा फूटभर वाढतो. टँकमध्ये मावेनासा झाला की लोक दया म्हणून त्याला नदीत सोडतात, आणि देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो आता स्थानिक माशांच्या जागेवर बसलाय. शेवाळ काचेवर येतं ते दिवा बारा तास जळतो म्हणून. दिवा सात तासांवर आणला की निम्मं काम होतं.

नाशिकच्या थंडीसाठी हीटर लावला. मुलुंडला मला तो वर्षाचे दहा महिने लागत नाही. क्रिप्टोकोरिनची चार रोपं लावली आणि आधीच सांगून ठेवलं, पानं विरघळून जातील, उपटू नकोस, मुळं जिवंत असतात. कोकणातल्या ओढ्यांतही या कुळातली रोपं वाढतात. नव्या पाण्यात लावलं की पानं टाकायची त्यांची सवय आहे. मग स्पंज तिच्या फिल्टरशेजारी बसवला, आणि त्यातले जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून रोज चिमूटभर खाणं टाकायला सांगून परतले. मासे नसलेल्या टँकला रोज खाणं घालताना तिला घरातले हसले असणार.

दहाव्या दिवशी तिने दोन टेस्ट ट्यूबचे फोटो पाठवले. अमोनियाची पिवळी, नायट्राइटची आकाशी, म्हणजे दोन्ही शून्य. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता चार गप्पी आण म्हटलं, एक नर, तीन माद्या. पुढचे दोन आठवड्यांनी. जिवाणू माशांच्या संख्येला जुळवून घेतात, त्यांना तेवढा वेळ द्यायचा.

महिन्याभराने तिचा फोन आला. "मावशी, स्पंज फार घाण दिसतोय गं. नळाखाली धुऊ?"

"नळाखाली नको. क्लोरीन नसलं तरी सवय नको. टँकमधून काढलेलं पाणी आहे ना बादलीत? त्यात दोनदा पिळ, बस."

फोन कानाशी धरून ती पिळत होती. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला.

"अजून तपकिरीच आहे."

"असू दे," मी म्हटलं.